मराठीची सेटिंग कुठे ठेवायची?

दिल्लीहून जयपूरकडे निघाले की गुडगावनंतर मानेसर लागते. वर्तमानपत्रांत हे नाव येते ते मारुतीच्या कारखान्यामुळे आणि तिथल्या २०१२ सालच्या हिंसक कामगार संघर्षामुळे, नाहीतर एनएसजीच्या तळामुळे. याच मानेसरात राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथल्या नंदिनी चॅटर्जी सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देवनागरी वाचताना मेंदूचे कोणते भाग कामाला लागतात हे तपासले आणि २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडले. वाचनाचा मुख्य भार नेहमीप्रमाणे डाव्या गोलार्धावर होता, पण त्याच्या जोडीला उजव्या गोलार्धातले, जागेचे आणि मांडणीचे भान ठेवणारे भागही जागे झालेले दिसले. याचे कारण लिपीच्या रचनेत शोधावे लागते. रोमन अक्षरे एकापाठोपाठ एक डावीकडून उजवीकडे जातात. देवनागरीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, उकार खाली लोंबतो, मात्रा वर चढते आणि रफार ज्या अक्षराआधी उच्चारायचा त्याच्या डोक्यावर बसतो. आपल्याला हे पहिली-दुसरीतच अंगवळणी पडल्यामुळे त्यात काही अवघड आहे असे वाटत नाही.

संगणकाला मात्र ते पहिलीपासून शिकवावे लागले. ‘मार्मिक’ हा शब्द घ्या. संगणकाच्या स्मृतीत तो म, काना, र, हलन्त, म, वेलांटी, क अशा सात चिन्हांच्या रांगेत साठवलेला असतो. आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत दर चिन्हाला ३ बाइट, म्हणजे शब्दाचे २१ बाइट. पडद्यावर उमटताना सहाव्या क्रमांकाची वेलांटी पाचव्या क्रमांकाच्या ‘म’च्या आधी न्यावी लागते, तिसऱ्या-चौथ्या चिन्हांचा मिळून रफार करून तो त्याच ‘म’वर चढवावा लागतो, आणि तरीही शोधताना, खोडताना, अनुक्रम लावताना मूळ रांग तशीच राहावी लागते. ही उलटापालट करणारा कार्यक्रम, त्याला अक्षरे पुरवणारा फाँट, कोणत्या कळीला कोणते चिन्ह हे सांगणारा कळफलकाचा नकाशा आणि तारीख, चलन, अकारविल्हे यांचे नियम सांगणारी ‘लोकेल’ नावाची फाइल, एवढे सगळे जुळून आले तरच संगणकाला मराठी येते असे म्हणता येईल. मेंदूच्या चित्रांचे विश्लेषण करणारी एफएसएल, एएफएनआय, फ्रीसर्फर ही नावाजलेली साधने लिनक्स-युनिक्सच्या जगात वाढली. पण मानेसरचा निबंध निघाला तेव्हा खुद्द लिनक्सला देवनागरी बऱ्यापैकी जमू लागून जेमतेम सहा-सात वर्षे झाली होती.

ती का आणि कशी जमली, याची कथा सहसा दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एका कथेत सरकारी संस्थांचा पराक्रम असतो, दुसऱ्या कथेत स्वयंसेवकांची चळवळ. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्हींत मुद्दा निसटतो. या इतिहासात कोणी काम केले यापेक्षा केलेले काम कुठे ठेवले याला जास्त महत्त्व आहे. मराठीची सेटिंग आधी एका कार्डावर ठेवली गेली, मग एकेका कंपनीच्या फाँटात, मग एका मासिकाच्या सीडीवर, आणि शेवटी सर्वांच्या सामायिक मूळ कोडमध्ये. पहिल्या तिन्ही जागी ती त्या त्या वस्तूच्या आयुष्याइतकीच टिकली. चौथ्या जागी गेल्यावर ती पुन्हा करावी लागली नाही.

कार्डाची गोष्ट आयआयटी कानपूरमध्ये सुरू होते. तिथे १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिपींसाठी जिस्ट तंत्र विकसित केले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते तिथे आले. जिस्ट कार्ड संगणकात बसवले की डॉसवर चालणारे वर्डस्टार किंवा डीबेस यांसारखे इंग्रजी कार्यक्रम देवनागरी दाखवू लागत. आजच्या डोळ्यांनाही हे काम थक्क करणारे आहे, कारण इंग्रजी कार्यक्रमाला हातही न लावता त्याला मराठी बोलायला लावायचे होते. या प्रवाहातून दोन टिकाऊ गोष्टी निघाल्या आणि त्या दोन्ही कार्डाबाहेरच्या होत्या: १९८६ साली ठरलेला इनस्क्रिप्ट कळफलक आणि १९९१ साली भारतीय मानक झालेली इस्की ही संकेतप्रणाली. युनिकोडने देवनागरीसाठी १२८ जागांचा जो तक्ता आखला तो इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवर बेतलेला आहे. कार्डे भंगारात गेली. तक्ता आणि कळफलक मात्र आजही प्रत्येक फोनमध्ये आहेत, कारण ती सर्वांना वापरता येणारी मानके होती.

विंडोजबरोबर आलेला फाँटांचा जमाना मराठी प्रकाशनव्यवसायाला जितका उपकारक ठरला तितकाच मराठी मजकुराला घातक. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी किंवा आकृती यांच्यामुळे छापखान्यांना देखणी अक्षरे मिळाली. पण प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या सोयीने देवनागरीचे तुकडे बसवले होते. एका फाँटात लिहिलेला मजकूर दुसऱ्या फाँटात उघडला की निरर्थक चिन्हांचा ढीग दिसे. मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे वाचायची तर आधी त्यांचा फाँट उतरवून घ्यावा लागे. त्या काळातला किती मजकूर आज यंत्राला वाचता येत नाही याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, पण एखाद्या जुन्या प्रकाशनसंस्थेच्या हार्ड डिस्कवरच्या फायली उघडून पाहिल्या की अंदाज येतो. येथे कोणाचा दुष्टपणा नव्हता. इस्की हे मानक असूनही विंडोजवर ते थेट चालत नव्हते आणि धंद्याला थांबायला वेळ नव्हता.

याच सुमारास लिनक्स भारतात येत होते, तेही टपालाने. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली त्याचे कर्नल, म्हणजे गाभा, प्रसिद्ध केले, १९९३ साली स्लॅकवेअर आणि डेबियन ही संकलने आली. व्हीएसएनएलने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि त्याचा वेग होता सेकंदाला ९.६ किलोबिट. एका सीडीत मावणारे ६५० मेगाबाइट त्या वेगाने उतरवायला सलग दीडशे तास लागले असते, फोनची लाइन एकदाही न तुटता. म्हणून ‘पीसीक्वेस्ट’ या मासिकाने १९९६ साली अंकाबरोबर स्लॅकवेअरची सीडी दिली तेव्हा तिचे मोल फार होते. सायबरमीडिया ही त्याची प्रकाशनसंस्था दिल्लीच्या परिसरातली, पुढे मानेसरपासून जवळच, गुडगावच्या सेक्टर ३२मध्ये तिचे कार्यालय होते. या उपक्रमामागे होते अतुल चिटणीस. बर्लिनमध्ये जन्मलेले, बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिकी अभियांत्रिकी शिकलेले आणि बंगळूरला स्थायिक झालेले. इंटरनेट येण्याआधी ते सीआयएक्स नावाची बुलेटिन बोर्ड सेवा चालवत. पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणाऱ्या त्या पिढीचा लिनक्सशी पहिला संबंध जुळवण्यात अशा सीडींचा वाटा मोठा आहे.

ती सीडी घालून लिनक्स उभे करणे म्हणजे काय होते, हे आजच्या वाचकाला सांगायला हवे. आधी विंडोजच्या डिस्कचा एक भाग तोडून वेगळा काढायचा. हे चुकले तर घरच्यांच्या फायली गेल्याच. मग एक्स-विंडो चालू करण्यासाठी आपल्या मॉनिटरची आडवी आणि उभी वारंवारता एका फाइलमध्ये हाताने लिहायची. चुकीचा आकडा घातल्यास मॉनिटर बिघडू शकतो असा इशारा त्या दस्तऐवजातच दिलेला असे. सुरुवातीला चालू होणारा लिलो नावाचा छोटा कार्यक्रम आपल्या नावाची चार रोमन अक्षरे एकेक करून पडद्यावर उमटवी, आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एकेक टप्पा पार पडल्याची खूण असे. पडद्यावर ‘एल’ आणि ‘आय’ एवढीच दोन अक्षरे उमटून सगळे थांबले, तर दुसरा टप्पा डिस्कवरून उचलला गेला पण सुरू होऊ शकला नाही असे समजायचे. बहुतेक वेळा बायोसचा आणि डिस्कचा हिशेब जुळलेला नसे, किंवा लिलोचा दुसरा टप्पाच पहिल्या १०२४ सिलिंडरांच्या पलीकडे जाऊन बसलेला असे. स्वस्तातले मॉडेम तर निम्मे काम विंडोजकडूनच करून घेत, त्यामुळे लिनक्समध्ये ते मुके राहत. या खटाटोपातून एक पिढी घडली हे खरे आहे. बिघाड कुठे आहे ते पायरीपायरीने शोधायची सवय तिला लागली. पण या गोष्टीचा गौरव करताना हात आखडता घ्यावा असे वाटते. हजारो मुलांनी तोच मॉनिटर, तोच मॉडेम, तोच लिलो आपापल्या घरी सोडवला. यातली बहुतेक उत्तरे वहीच्या पानावर किंवा मित्राच्या कानात राहिली. सीडी तयार करणारे संपादक भारतीय ग्राहकाच्या सोयीसाठी जे फेरफार करत तेही त्या वर्षाच्या सीडीपुरते असत. पुढच्या वर्षी पायाभूत संकलन बदलले की पुन्हा पहिल्यापासून.

चिटणीसांना हे कळले होते, आणि त्यांच्या पुढच्या कामात ते स्पष्ट दिसते. २००१ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘लिनक्स बंगळूर’ परिषद सुरू केली, २००५ साली तिचे नाव ‘फॉस डॉट इन’ झाले. गर्दी हजारोंनी होत असे. पण २००८च्या सुमारास त्यांनी परिषदेचा रोख बदलला. लिनक्स म्हणजे काय, ते कसे वापरावे अशी भाषणे कमी झाली, आणि लोकांनी एकत्र बसून प्रत्यक्ष कोड लिहावा अशी ‘वर्कआउट’ सत्रे आली. आपल्याकडे वापरणारे पुष्कळ, भर घालणारे थोडे, ही त्यांची जाहीर तक्रार होती. या बदलाने काही जुने चाहते नाराज झाले. परिषद २०१२ साली शेवटची भरली आणि ३ जून २०१३ रोजी चिटणीस गेले. सीडी वाटणाऱ्याने दहा-बारा वर्षांनी सीडी वाटणे पुरेसे नाही असे सांगणे, यात मोठा प्रामाणिकपणा आहे.

मराठीपुरते बोलायचे तर भर घालणारे तेव्हा कामाला लागलेलेच होते, फार गाजावाजा न करता. पडद्यावर अक्षरे मांडणारा ‘पँगो’ हा भाग २००२ सालच्या जीनोम २.० या डेस्कटॉपबरोबर सर्वांच्या हाती आला. त्यातले भारतीय लिपींचे नियम आयबीएमच्या खुल्या कोडमधून आले होते. मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेत इंडिक्स प्रकल्प चालू होता. इंडलिनक्सचे कार्यकर्ते हिंदीसाठी धडपडत होते. र. कृ. जोशी यांच्यासारखा अक्षरकार एनसीएसटीत होता, आणि त्यांचा ‘रघु’ हा देवनागरी फाँट जीपीएल या खुल्या परवान्याखाली सर्वांना मोकळा झाला. एनसीएसटी २००३ साली सी-डॅकमध्ये विलीन झाली. तिथल्या जनभारती गटाने लिनक्सच्या मूळ सी-लायब्ररीसाठी मराठीची लोकेल फाइल दिली. भाषेचा संकेत ‘एमआर’, देशाचा ‘आयएन’. मधे अधोरेखा. एवढ्या नावाच्या त्या छोट्या फाइलमध्ये रविवार ते शनिवार, जानेवारी ते डिसेंबर, आकड्यांत लाख-कोटींचे स्वल्पविराम कुठे पडावेत, हे लिहिलेले आहे. पुण्यात रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या कार्यालयात भारतीय भाषांचा एक गट काम करू लागला. २००४ साली रेड हॅटने ‘लोहित’ फाँट जीपीएलखाली खुले केले आणि पुढे ही मालिका बहुतेक भारतीय लिपींपर्यंत गेली. कळफलकांचे नकाशे जपानमधल्या एका सरकारी संशोधन संस्थेच्या एम१७एन या संग्रहात जमा झाले, त्यात मराठी इनस्क्रिप्टही होता. मुंबई, पुणे, अमेरिका, जपान. कोणी एका बैठकीत बसून आखलेली ही योजना नव्हती.

मराठीचे स्वतःचे असे जे प्रश्न होते ते हिंदीच्या कामातून आपोआप सुटणारे नव्हते, आणि या कामाचा कस तिथे लागला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. पहिल्यात रफार, दुसऱ्यात आडवा अर्धा र. आचार्यांना वंदन करतात, आचाऱ्यांना पगार देतात. हिंदीला हा भेद लागत नाही. युनिकोडने यासाठी नुक्ता असलेल्या ‘ऱ’चा मार्ग ठेवला, पण ‘र’ला हलन्त आणि जोडणारे अदृश्य चिन्ह लावूनही तेच रूप उमटते. दोन्ही तऱ्हा पडद्यावर तंतोतंत सारख्या, पण स्मृतीत वेगळ्या. त्यामुळे एकाने लिहिलेला ‘दुसऱ्या’ दुसऱ्याच्या शोधात सापडत नाही. ‘अॅप’ आणि ‘अॅडमिशन’ यांतल्या अॅसाठी युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह आले ते २००८ सालच्या ५.१ या आवृत्तीत. तोवर लोकांनी अ आणि चंद्र जोडून काम भागवले, आणि आजही दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदतात. अकारविल्ह्यात ‘ळ’ कुठे? युनिकोडच्या तक्त्यात तो ‘ल’च्या लगेच पुढे बसला आहे. मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो, मग क्ष आणि ज्ञ. यंत्राला हे कोणी सांगितले नाही तर मराठी ग्रंथालयाची यादी तक्त्याच्या क्रमाने लागेल आणि ग्रंथपाल बिचारा पुस्तक शोधत बसेल. शेंडीफोड्या ‘श’ आणि मराठी वळणाचा ‘ल’ यांचाही असाच प्रश्न. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठीची प्रमाणित लिपी आणि वर्णमाला ठरवली. लोहितच्या देवनागरी फाँटात नंतर अशी सोय आली की मजकूर मराठी आहे असे प्रणालीला कळले तर मराठी वळणाची अक्षरे उमटतात, हिंदी असेल तर हिंदी वळणाची. म्हणजे लोकेलची ती छोटी फाइल, पानावर नोंदवलेली भाषा आणि फाँट यांनी एकमेकांशी बोलायला हवे. असे काम एकदा मूळ कोडमध्ये गेले की पुण्यातल्या मुलाला ते घरी पुन्हा करावे लागत नाही.

आता आक्षेप. पहिला असा की हे सगळे मायक्रोसॉफ्टने आधीच केले होते. खरे आहे. विंडोज २००० मध्ये मराठीला जागा मिळाली, आणि त्यातला ‘मंगल’ फाँट त्याच र. कृ. जोशींच्या हातचा. दोन्ही बाजूंना एकच माणूस उभा दिसतो, यावरून अक्षरकलेला कंपन्यांच्या कुंपणांचे फार पडलेले नसते इतके समजावे. पण विंडोज एक्सपीवर मराठी चालू करायला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या चौकटीत खूण करून पुन्हा मूळ सीडी घालावी लागे, आणि अक्षरजुळणीत चूक निघाली तर कंपनीच्या पुढच्या सुधारणेची वाट पाहण्याखेरीज गत्यंतर नव्हते. चूक दिसणाऱ्याला ती दुरुस्त करण्याची मुभा नव्हती. लिनक्सच्या बाजूने या आघाडीचे ऋण उघडपणे मान्य केले गेले, हेही नोंदवायला हवे. २०११-१२च्या सुमारास हार्फबझ या अक्षरमांडणी यंत्रणेतला भारतीय लिपींचा भाग बेहदाद एस्फहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रामरने नव्याने लिहिला, तेव्हा विकिपीडियातले भारतीय भाषांचे शब्द घेऊन त्याने आपली जुळणी मायक्रोसॉफ्टच्या जुळणीशी पडताळून पाहिली. फरक असा की हार्फबझ कोणालाही घेता आले. आज ते अँड्रॉइडमध्ये, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये, लिबरऑफिसमध्ये आहे.

दुसरा आक्षेप जास्त झोंबणारा आहे. मराठी मेनू असलेले लिनक्स वापरते कोण? पुण्यातले प्रोग्रामरही आपला डेस्कटॉप इंग्रजीतच ठेवतात. सी-डॅकचे ‘बॉस’ लिनक्स २००७ साली आले, केंद्र सरकारने २०१५ साली खुल्या सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले, तरी सरकारी टेबलांवर विंडोजच ठाण मांडून राहिले. अनुवादित मेनूंबाबत हा आक्षेप बव्हंशी मान्य करावा लागेल. ‘फाइल’ला संचिका म्हणावे की धारिका यावर खर्च झालेल्या शक्तीचा हिशेब मांडला तर तो सुखद नसेल. पण मेनू हा या कामाचा वरचा पापुद्रा होता. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातले खैराट-धनगरवाडा पाहा. २००७ साली तिथल्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग झाला. मुले होती २२. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने आदल्याच वर्षी हा प्रकल्प शैक्षणिकदृष्ट्या संशयास्पद ठरवून नाकारला होता, आणि वीज, देखभाल, शिक्षकांची तयारी यांबाबतचे त्याचे प्रश्न रास्त होते. तो प्रयोग देशभर पसरला नाही. पण त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्राचा पाया होता फेडोरा लिनक्सचा. २५६ मेगाबाइट स्मृतीच्या त्या यंत्रात मराठी अक्षरे मांडणारी यंत्रणा तीच होती जी पुण्या-मुंबईच्या कामातून सुधारत आली होती. खैराटच्या मुलांसाठी म्हणून कोणी वेगळे कार्ड बनवले नाही की वेगळी सीडी छापली नाही.

तिसरा आक्षेप खुल्या सॉफ्टवेअरच्या भाविकांना रुचत नाही: हे काम चळवळीने केलेच नाही, पगारी माणसांनी केले. रेड हॅटचे नोकर, सी-डॅकचे शासकीय वैज्ञानिक, आयबीएमचे अभियंते. स्वयंसेवकांनी अनुवादाच्या बाजूला बरेच केले, पण लिपीचे अवघड गणित बहुतेक वेळा कोणीतरी पगार घेऊन सोडवले. हा आक्षेप बिनचूक आहे आणि त्याने कशालाही धक्का लागत नाही. जिस्ट कार्ड बनवणारेही पगारीच होते, श्री-लिपीचे अक्षरकारही. या तिघांत जो फरक पडला तो परवान्याने पाडला. २०११ साली लोहित फाँट ओपन फाँट लायसन्सखाली आले. २०१९ साली आयबीएमने ३४ अब्ज डॉलर देऊन रेड हॅट विकत घेतली. मालक बदलला, पुण्याच्या कार्यालयातली माणसे यथावकाश इकडेतिकडे गेली, तरी लोहित फाँट परत घेण्याचा अधिकार कोणाकडे उरला नव्हता. उद्या कोणाला त्यातला ‘ल’ आवडला नाही तर तो नवा काढू शकतो. मुंबईच्या एक टाइपने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ यांसारखे फाँट याच परवान्याने दिले, आणि आज मराठी जाहिरातींपासून लग्नपत्रिकांपर्यंत ते दिसतात.

शेवटचा आक्षेप असा निघेल की फोनने आता सगळे प्रश्न मिटवले, मग या जुन्या खटाटोपाची आठवण कशाला. प्रश्न मिटलेले नाहीत, ते एका नव्या जागी हलले आहेत. लिनक्सच्या सी-लायब्ररीने पुढे लोकेलची बरीच माहिती युनिकोडच्या सीएलडीआर या सामायिक भांडारातून घ्यायला सुरुवात केली. अँड्रॉइड आणि आयफोन हेही त्याच भांडाराचे पाणी पितात. महिन्यांची लघुरूपे, ‘सकाळी-दुपारी’ची वेळ, देशांची मराठी नावे, अकारविल्ह्याचा क्रम हे तिथे ठरते, आणि त्यातले बहुतेक ठरते ते सर्वेक्षणाच्या ठराविक मुदतीच्या फेरीत, भाषा जाणणाऱ्यांनी मांडलेल्या पर्यायांवर आणि दिलेल्या मतांवर. तिथे चुकीचे गेलेले रूप एकाच वेळी जगातल्या सर्व फोनांवर चुकीचे उमटते, आणि सुधारलेले रूप तसेच सगळीकडे सुधारते. मराठी विद्यापीठीय विभागांनी, राज्य मराठी विकास संस्थेने आणि भाषेसाठी हळहळणाऱ्या कोणाही सुशिक्षिताने त्या सर्वेक्षणात खाते उघडून एक फेरी तरी मराठीच्या नोंदी तपासाव्यात. त्यासाठी लिलो यायला लागत नाही आणि डिस्कही तोडावी लागत नाही.